घर ओढून नेईल अशी गाडी

माझा मुलगा रॉयस पंधरा वर्षं डेन्व्हरमध्ये लोकांच्या अंगणात बसवायचे गरम पाण्याचे टब विकत होता. त्याचा बाप गेला आणि थडग्यावरची माती बसायच्या आत हा परत आला. म्हणाला, "आई, आता रँच मी बघतो." शब्द पाळला त्याने. रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन खिडकीतून रँच बघत बसायचा.

बायको आली नाही. तिला शेणाचा वास सोसत नाही. बायकोच्या जागी पिकअप आली.

आता पिकअपचं कौतुक मला कुणी सांगू नये. वायोमिंगमध्ये माणसाला पाय असतात तशी पिकअप असते. माझी नणंद पिकअपमध्ये जन्मली, आणि माझा नवरा मर्ल टेकडीवरच्या दफनभूमीत गेला तोही पिकअपच्या हौद्यातूनच. पण ही गाडी! चर्चच्या दारापेक्षा उंच. दार उघडलं की खालून आपोआप पायरी बाहेर येते, जसा काही बिशपच उतरतोय. मागे दोन्हीकडे जोडचाकं. पुढे चकाकणारी जाळी, एवढी मोठी की तिच्यात वासरू अडकलं तरी घरी पोचेपर्यंत कळायचं नाही. सीट थंडीत गरम होते आणि उन्हाळ्यात गार. ज्याने जन्मात घाम गाळला नाही त्याच्या बुडाला वारा घालायची सोय.

जेवायला बसलं की त्याचे आकडे सुरू व्हायचे. डिझेलचं इंजिन केवढं, ओढ किती, मागे किती टन लावता येतात. पुढ्यातलं मांस थंड व्हायचं, पण त्याचं इंजिन थंड व्हायचं नाही.

"आई, घर जोडलं ना मागे, तर घर ओढून नेईल ही."

"घर राहू दे जागेवर, त्यात मी राहते," मी म्हणायचे. "गवताचे गठ्ठे आण आधी."

गठ्ठे आणायला नोरीन जायची. जुन्या पिकअपमधून. नवीच्या हौद्याला चरे पडले असते ना.

नोरीन माझी मुलगी, रॉयसहून तीन वर्षांनी मोठी. लग्न केलं, सोडलं, परत आली, आणि आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली. तिला बोलायची सवय नाही. गाय अडली तर कोपरापर्यंत हात घालून वासरू फिरवते, आणि मग त्याच हाताने, धुऊन अर्थात, माझ्यासाठी चहा करते. दिसायला मर्लसारखी. बिचारी.

आता डागाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरून घडलं. आमच्या गुरांच्या डाव्या पुठ्ठ्यावर आडवा पडलेला एच आणि खाली एक रेघ असा, तापल्या लोखंडाने उठवलेला डाग असतो. मर्लच्या आजोबांनी सरकारदरबारी नोंदवलेला. ज्याच्या नावावर डाग, त्याची गुरं आणि त्याचाच शब्द. मर्ल गेल्यावर डाग माझ्या नावावर आला, पण मी आता अठ्ठ्याहत्तरची झाले. नाताळच्या आत तो पुढच्याच्या नावावर करून टाकायचा, असं मी ठरवलं होतं. आमच्या भागात डाग मुलाला जातो. कुणी विचारतसुद्धा नाही. नोरीननेही कधी विचारलं नव्हतं, पण तिला तो हवा होता. डागणीच्या दिवशी तापलेलं लोखंड गेली कित्येक वर्षं तिच्याच हातात असतं. हे रॉयसला दिसलं नसेल, मला दिसत होतं.

तरीही मुलगा तो मुलगा. मी जेवणाच्या टेबलावर सांगितलं, "गुरुवारी घाटापलीकडे लिलाव आहे. अठरा गाभण कालवडी जायच्यात. रॉयस, तू ने. तुझ्या बापासारख्या नेल्यास तर डाग तुझा."

नोरीन बटाटे सोलत होती. तिची सुरी थांबली, मग पुन्हा चालू झाली.

"एवढंच?" रॉयस म्हणाला. "आई, ही गाडी झोपेत नेईल त्यांना."

गुरुवारी सकाळी थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठेल अशी थंडी होती. रॉयसने मर्लचा लांब ट्रेलर आपल्या गाडीला लावला, म्हणजे नोरीनने लावला, हा आत बसून पुढे-मागे करत होता. गाडीला मागे बघायचे कॅमेरे किती आहेत हे तो मधूनमधून काच खाली करून सांगत होता. ट्रेलर गुरं चढवायच्या चढणीच्या फळ्यांना टेकला. रॉयस आतच बसला. काच बंद, सीट गरम, गाणी चालू.

मी आणि नोरीन कालवडींना कुंपणाच्या बोळातून पुढे हाकत होतो. पहिली कालवड चढणीवर आली आणि बघितलं तर ट्रेलरच्या दाराचा अडसर बर्फाने धरलेला. उघडेना. नोरीनने हातोडी आणली आणि अडसरावर दोन घाव घातले, धाड धाड.

आमच्याकडे पद्धत अशी, की गुरं चढवून दार लागलं की मागच्याने ट्रेलरच्या कुशीवर दोन थापा मारायच्या. म्हणजे, झालं, निघ. पुढचा माणूस मग आरशात बघतो, हात वर करतो, निघतो.

रॉयसला हातोडीचे घाव म्हणजे त्या थापा वाटल्या, आणि आरशात त्याने बघितलं नाही. तो निघाला.

नोरीन हातोडी हातात घेऊन तशीच उभी. पहिली कालवड चढणीच्या टोकावर उभी, पुढचे खूर हवेच्या कडेला, ट्रेलर होता तिथे बघत. फाटकाबाहेर बर्फाचा धुराळा उडाला.

"हा कुठे चालला?" मी विचारलं.

"लिलावाला."

"काय घेऊन?"

"स्वतःला," नोरीन म्हणाली.

तिने फोन लावला. त्याने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा त्याचा निरोप आला, तो तिने मला वाचून दाखवला: 'गाडी चालवतोय. मागे ओझं आहे. पोचल्यावर बोलू.'

"परत वाच," मी म्हटलं.

"मागे ओझं आहे," तिने वाचलं. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, बाकी चेहरा तसाच.

"जुनी पिकअप काढते. गाठते त्याला."

"काही नको," मी म्हटलं. "नदीच्या चढावर कळेल त्याला."

का नाही कळायचं? मर्लच्या जुन्या गाडीत एका कालवडीने पाय बदलला तरी स्टिअरिंगमधून हाताला कळायचं. चढावर गाडी कण्हायची, उतारावर ओझं पाठीवर हात ठेवून ढकलायचं. माणूस गाडी चालवत नसे, गुरं सांभाळत चालत असे. शिवाय रिकामा ट्रेलर काही मुकाट येत नाही. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावा तसा वाजतो. पण वेगात असताना त्या गाडीत बाहेरचं काही ऐकू येत नाही. तेही रॉयसने कौतुकाने सांगितलं होतं.

"त्याला नाही कळायचं, आई."

"मर्लचा मुलगा आहे तो."

"मीही मर्लचीच आहे," नोरीन म्हणाली, आणि कालवडींना मागे फिरवायला गेली. फिरून विचारलं, "लिलावाच्या कचेरीत फोन करू का? कुणीतरी त्याला सांगेल."

"काय सांगशील? हॅस्केटांचा पोरगा ट्रेलरभर हवा आणतोय, उतरवून घ्या? माझ्या घरातून असा फोन जाणार नाही. कळेल तेव्हा कळेल, आणि आपल्या अकलेने परत येईल."

आम्ही कालवडींना गवत टाकलं, पाण्यावरचा बर्फ फोडला आणि आत येऊन बसलो. मांस-राजम्याची तिखट चिली आणि दालचिनीचे गोड पाव कालचे होते, ते गरम केले. नोरीन खात होती. मी रस्ता बघत होते. नदीचा चढ कधीच मागे पडला असणार. मग घाट लागतो. तो नागमोडी चढ रिकाम्या गाडीलाही धाप लावतो. तिथे तरी. पण रस्त्यावर कुणी आलं नाही. एक कोल्हा तेवढा आडवा गेला.

दुपार होत आली तेव्हा गाडी आली, पण ती शेरीफच्या कचेरीची, पोलिसांची. आतून टेट उतरला. टेटचे घरचे मेंढ्या पाळतात, पण मुलगा सभ्य आहे. दारात येऊन त्याने टोपी काढून छातीशी धरली.

"मिसेस हॅस्केट, मॅडम, जरा बसून घेता का?"

"कोण मेलं?"

"कुणी नाही, मॅडम. पण बातमी वाईट आहे. तुमच्या कालवडी चोरीला गेल्या."

नोरीनचा घास तोंडातच राहिला.

"किती?" मी विचारलं.

"सगळ्या. अठरा. रॉयस घाटमाथ्यावरच्या कॅफेत नाश्त्याला थांबला होता. तेवढ्यात कुणीतरी डाव साधला. लिलावाला पोचून सगळ्यांसमोर दार उघडलं तर आत काही नाही. फार हादरलाय बिचारा."

"नाश्त्याला काय खाल्लं त्याने?"

"पॅनकेक, असं म्हणाला."

"किती?"

"मॅडम?"

"अठरा गाभण कालवडी रस्त्यावर उतरवायच्या, दुसऱ्या ट्रेलरमध्ये चढवायच्या, पहिल्याचं दार होतं तसं लावून ठेवायचं, आणि त्यातली एकही हंबरायची नाही. एवढ्या वेळात माणूस किती पॅनकेक खातो, ते विचारतेय मी."

टेटने टोपी हातात फिरवली. माझा दंड धरून हळू आवाजात म्हणाला, "धक्का बसलाय तुम्हाला. साहजिक आहे."

"टेट, बाहेर ये जरा," नोरीन म्हणाली.

कुंपणाशी जाऊन तो उभा राहिला. कालवडी रवंथ करत त्याच्याकडे बघत होत्या. त्याने डाव्या पुठ्ठ्यांवरचे डाग बघितले. ओठ हलवत मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"ह्या... दुसऱ्या?"

"ह्याच."

"म्हणजे त्या गेल्या आणि परत..."

"त्या गेल्याच नाहीत, टेट. तो गेला."

मला वाटलं, आता हा हसणार. मी त्याची तयारी करून बसले होते. हसला असता तर मीही हसले असते, आणि हे घरातल्या गमतींत जमा झालं असतं. पण टेट हसला नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"मॅडम, रॉयसने संशयित म्हणून नाव दिलंय. ऑर्वल पेटीकॉर्डचं."

मी कुंपणाची फळी धरली.

ऑर्वल पेटीकॉर्ड आमचा नदीपलीकडचा शेजारी. दर वर्षी आमच्या डागणीला पहिला येतो आणि शेवटी जातो. मर्ल गेला तेव्हा जमीन दगडासारखी गोठलेली होती. ऑर्वलने आपलं खोदायचं यंत्र आणलं आणि कुणाला हात लावू न देता कबर खणली. त्याची बायको मुरब्बे घेऊन आली होती, ते अजून माझ्या फळीवर आहेत.

"काय केलंत तुम्ही त्याचं?"

टेट खाली बघत सांगायला लागला. त्या सकाळी ऑर्वलही त्याच कॅफेत होता, मागे ट्रेलर, ट्रेलरमध्ये त्याचे स्वतःचे गोऱ्हे, तेही लिलावालाच निघालेले. रॉयसने त्याला तिथे बघितलं होतं, हातही केला होता. मग लिलावाच्या आवारात, पन्नास माणसांसमोर रिकाम्या ट्रेलरकडे बघताना त्याला ऑर्वल आठवला. शेरीफने ऑर्वलला उतारावर अडवलं. रस्त्याच्या कडेला, बर्फात, सगळे गोऱ्हे उतरवायला लावले, एकेकाचा पुठ्ठा तपासला. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या हळू होऊन बघत होत्या. प्रत्येक गाडीत ओळखीचंच कुणीतरी.

आमच्याकडे माणसाला दारुडा म्हणा, तो रविवारी तुमच्या शेजारी बसून प्रार्थना करेल. गुरं चोरली म्हणा, आणि त्याच्या नातवंडांच्याही लक्षात राहतं.

"रेडिओवर सांग," मी टेटला म्हटलं. "सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग. कालवडी घरी आहेत. मूर्ख माणूस लिलावात आहे. असंच सांग, ह्याच शब्दांत."

"शब्द थोडे बदलतो, मॅडम."

"बदलू नको."

सूर्य डोंगराकडे कलला तेव्हा दोन गाड्या आल्या. पुढे ऑर्वलची. तिला रंग कुठला होता हे आता कुणी सांगू शकणार नाही. मागे ट्रेलर, रिकामा. गोऱ्हे पोचवून, घाट परत चढून-उतरून आला होता. त्याच्या मागे रॉयसची गाडी, जरा अंतर ठेवून.

ऑर्वल उतरला. त्याने गालातली तंबाखू एकीकडून दुसरीकडे नेली.

"आर्डिथ."

"ऑर्वल."

"तुझ्या पोराने मला चोर ठरवलंच आहे," तो म्हणाला. "म्हटलं, मग माल तरी घेऊन जावा. गाभण कालवडींचा पुकारा शेवटी आहे. आत्ता निघालो तर पोचू."

नोरीन पुढे गेली. हातमोजा काढून तिने उघडा हात पुढे केला.

"माफ कर, ऑर्वल. सकाळीच कचेरीत फोन करायला हवा होता आम्ही."

आम्ही, म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

ऑर्वलने हात हातात घेतला. "झालं ते झालं. गोऱ्हे थोडे गारठले, पण त्यांना हवा मिळाली."

तोवर रॉयसच्या गाडीचं दार उघडलं. पायरी बाहेर आली आणि पायरीवरून रॉयस. चेहऱ्यावर टब विकताना असायचं तेच हसू.

"मिस्टर पेटीकॉर्ड, थोडा गैरसमज झाला हं. पण तुम्हीच विचार करा, काय ताकद असेल! मागे अठरा कालवडी आहेत का नाहीत, हे चालवणाऱ्याला समजतसुद्धा नाही. घाट चढलो, उतरलो, पत्ता नाही! कमाल आहे की नाही?"

ऑर्वलने त्या गाडीकडे जाळीपासून जोडचाकांपर्यंत सावकाश बघितलं.

"कमालच," तो म्हणाला, आणि ट्रेलर लावायला गेला.

त्याने आरशात बघत, एका फटक्यात, ट्रेलर चढणीला टेकवला. नोरीनने कालवडी चढवल्या. ना आरडाओरडा, ना काठी. ती त्यांच्या खांद्याच्या रेषेत नुसती उभी राहते आणि जनावर पुढे जातं. रॉयस मध्ये येऊन "हो, हो, चला" करत हात हलवत होता, तेव्हा एक कालवड मागे वळली. नोरीनने त्याला बाजूला व्हायला सांगितलं. तो झाला.

शेवटची आत गेली. ऑर्वल टोपी मागे सारून माझ्यापाशी आला.

"पुकाऱ्याला नाव कुणाचं सांगू? मर्लचंच चालू ठेवायचं?"

"माझं सांगा," रॉयस म्हणाला. "आई, आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं, बापासारख्या नेल्यास तर."

"एक चूक झाली, आई. कुणाकडूनही होते."

"होते. तुझ्या बापाने एकदा दुसऱ्याचाच घोडा घरी आणला होता, आणि तीन दिवस त्याला नावं ठेवत होता की हा मला ओळखत नाही. ट्रेलर रिकामा नेलास, ते मी हसून घेतलं असतं. नाताळला चारचौघांत सांगितलं असतं, तू लाजला असतास, संपलं असतं." माझा आवाज वाढत होता, वाढू दिला. "पण दार उघडल्यावर तुझ्या मनात पहिलं काय आलं? मी काय विसरलो, हे नाही आलं. दाराचा अडसर होता तसाच लागलेला, आत शेणाचा एक पो नाही, चोर काय झाडून-पुसून गेला? तेवढंही बघितलं नाहीस. पहिलं आलं ते ऑर्वलचं नाव. डाग कशाला असतो, रॉयस? शेजाऱ्याला चोर म्हणायची पाळी येऊ नये म्हणून असतो. तो तुझ्या हातात देऊ मी?"

ट्रेलरमध्ये एका कालवडीने पाय आपटला.

"नोरीन हॅस्केट," मी ऑर्वलला सांगितलं. "पुकाऱ्याला हे नाव सांग. सोमवारी डागही तिच्या नावावर होतोय."

नोरीनने अडसर ओढला, घट्ट बसलाय का ते दोनदा हलवून बघितलं, मग हातमोजा परत घातला. बोटं एकेक करून. त्याला जरा जास्त वेळ लागला. तिचे डोळे लाल झाले होते, पण थंडी होती, तेव्हा त्याबद्दल मी काही म्हणणार नाही.

"पहिल्या बोलीला मान डोलवू नको," मी म्हटलं.

"माहितीय, आई."

"आणि सगळीकडे सांगू नको की—"

"तेही माहितीय." ती ऑर्वलच्या शेजारी जाऊन बसली. फाटकातून बाहेर पडताना ऑर्वलची गाडी जोरात कण्हली. ओझं होतं मागे.

अंगणात आम्ही दोघं उरलो, आणि ती गाडी. रॉयसने खिशात हात घातले, बाहेर काढले.

"मग मी काय करायचं आता?"

"मला नको विचारू. रँच जिची, तिला विचार. रात्री येईल ती. ठेवून घेते का बघ."

"आई, मी मुलगा आहे तुझा."

"म्हणून तर घरात जेवायला घालतेय. कामाचं तिला विचार." मी चढणीकडे बोट केलं. "तोवर बोळ साफ कर. शेण गोठलं की कुदळ लागते. आता आहे तोवर फावड्याने निघेल."

त्याने गाडीकडे बघितलं. मला वाटलं, चढेल आणि जाईल डेन्व्हरला. गेला असता तरी मी हात केला असता. पण गेला नाही. कोठाराच्या दिशेने चालायला लागला. दाराशी थांबला, आत डोकावला, मग मागच्या छपराकडे गेला, तिथून पुन्हा कोठाराकडे. फावडं कुठे असतं ते त्याला माहीत नव्हतं.

मी सांगितलं नाही. आत गेले आणि चिली पुन्हा गरम करायला ठेवली, चौघांना पुरेल एवढी.